बेईगांगची लाल पेटी

चियायी
४ सप्टेंबर २०२३

पेइ-शान,

तू बरी आहेस असं धरून चालते, कारण बरी नसतीस तर तुझ्या बापानं आत्तापर्यंत साऱ्या खानदानाला फोन केला असता. मी मात्र बरी नाही.

आत्या कागदावर का लिहायला लागली, असं वाटेल तुला. फोनवर बोलावं तर दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता पडदा आहे आणि पडद्यामागे तुझ्या युन-ओ मावशीचे कान. मोबाईलवर लिहावं तर तो तीच चार्जिंगला लावते, चष्मा चढवून सगळं वाचते आणि वर माझ्या चुका काढते. म्हणून हे पत्र तुझ्या विद्यापीठाच्या पत्त्यावर. उत्तर आमच्या दुकानात पाठवू नकोस. समोर धाग्या-बटणांचं दुकान चालवणाऱ्या अ-ची वहिनीच्या नावानं पाठव, ती मला आणून देईल.

तुमच्या विभागातली ती वान-निंग नावाची पोरगी येऊन गेली. भुतांचा महिना चालू आहे, या दिवसांत कोणी लग्न करत नाही, आमचे नवरीचे गाऊन पिशव्या घालून टांगलेले. दुकानात माश्या मारायच्या त्यापेक्षा येऊ दे म्हटलं. बाई बाईबरोबर राहिली तर आयुष्य कसं जातं, यावर पुस्तक लिहितेय म्हणाली. मी म्हटलं, जातं तसंच, ओले कपडे कुणी वाळत घालायचे यावरून भांडण्यात. ती हसली आणि तेही लिहून घेतलं. नवऱ्या सजवण्यात आयुष्य गेलं त्यातून काय शिकलात, असंही तिनं विचारलं. तिला एक कामाची गोष्ट सांगितली, ती तरी तिनं छापावी. नवरीनं आपल्या लग्नाचा केक खायचा नसतो. सगळ्या गावाला वाटावा, आपण तोंडाला लावू नये, नाहीतर स्वतःचं सुख स्वतःच खाऊन बसते. आजकालच्या पोरी गाऊन घालून बघता बघता केक चघळतात. मी हातातून काढून घेते.

माझं बोलणं एका दुपारीत संपलं. युन-ओचं संपेचना. दोघींना वेगवेगळं बसवायचं, एकीचं दुसरीनं ऐकायचं नाही, असा तुमचा नियम म्हणे. मला माझ्याच दुकानातून बाहेर काढलं. मी अ-ची वहिनीकडे बसून बटणं निवडतेय आणि आमच्या कपडे बदलायच्या खोलीतून हसण्याचे आवाज येतायत. युन-ओ माझ्यासमोर तोंड मिटून हसते. मला आजवर वाटायचं, तिला दातांची लाज वाटते.

हे एक वेळ मी गिळलं असतं. पण पुस्तकात खरी नावं घालत नाहीत, ज्याचं त्यानं खोटं नाव निवडायचं असतं. मी 'लिन बाईसाहेब' घेतलं, भारदस्त वाटतं म्हणून. रात्रीच्या जेवणाची भाजी निवडताना युन-ओला विचारलं, तू काय घेतलंस? मान वर न करता म्हणाली, "मेइ-शुए."

तुला हे नाव माहीत नसणार. आमच्या घरात त्याला मनाई आहे, माझीच. मला भेटायच्या आधी युन-ओ काओशुंगला रेडिओ जोडायच्या कारखान्यात होती. तिथल्या वसतिगृहात वरच्या पलंगावर युन-ओ आणि खालच्या पलंगावर मेइ-शुए. नुसतं वर आणि खाली नव्हतं ते, समजून घे, तुम्ही याचाच तर अभ्यास करता. मग मेइ-शुएनं लग्न केलं आणि बेईगांगच्या एका केकवाल्याच्या घरात पडली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, हेही मला माहीत आहे. कसं, ते विचारू नकोस.

जगात इतकी नावं असताना हिला तेच मिळावं? कायदा झाल्यापासून मी हिच्या मागे लागलेय. म्हटलं, अगं, आता आपल्यालाही लग्न करता येतं. ओळखपत्र घे, सहीचा शिक्का घे, घरनोंदणी कचेरीत जाऊ, अर्ध्या तासाचं काम आहे, येताना टर्की-भात खाऊन येऊ. उद्या मला दवाखान्यात नेलं तर सही कोण करणार, पेइ-शानचा बाप? दर वेळी हिचं उत्तर एकच, "या वयात कशाला." मी खुळी, मला वाटलं खरंच वयाचं कारण असेल.

तू प्राध्यापक आहेस. ती रेकॉर्डिंगं तुझ्याच इमारतीत कुठेतरी असणार. ऐक आणि मला कळव. इतकी वर्षं माझ्याशेजारी झोपणारी ही बाई कुणाची आहे, एवढंच मला जाणून घ्यायचंय.

तुझी आत्या,
पाओ-चू


तैपेई
१५ सप्टेंबर

आत्या,

रेकॉर्डिंगं मी ऐकू शकत नाही. ती कुलपात असतात आणि किल्ली फक्त वान-निंगकडे. मी चोरून ऐकली तर माझी नोकरी जाईल, आणि त्याहून लाजिरवाणं म्हणजे हे नियम पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच शिकवते.

आणि वान-निंगला मी पाठवलेलं नाही. तू तसं धरून चाललीस, ते वाचून माझ्या पोटात जास्तच दुखलं. एकदा जेवताना माझ्या तोंडून तुमच्या दुकानाचा विषय निघाला, तिनं तो उचलला, आणि मला कळलं तेव्हा ती चियायीला जाऊन आलीसुद्धा होती. घरच्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या नसतात, म्हणून मी तुम्हा दोघींना कधी विचारलं नाही. म्हणजे संशोधक म्हणून विचारलं नाही. भाची म्हणून लहानपणापासून विचारत आलेय. मावशी, तू आत्याकडे का राहतेस? मावशी, तुझं लग्न का नाही झालं? दर वेळी युन-ओ मावशीनं पेरू कापून, त्यावर आलुबुखारची पूड घालून बशी माझ्या हातात दिली आणि अंगणात पिटाळलं. पेरू किती खाल्ले असतील मी. उत्तर एकही मिळालं नाही. मुलींचं आयुष्य, बायकांचं प्रेम, घर या शब्दाचा अर्थ, यावर मी आज जे काही शिकवते ते त्या बशीपासून सुरू झालं. आणि ती पोरगी तीन दुपारी येऊन सगळं घेऊन गेली.

शुक्रवारी तिनं विभागात त्यातला थोडा भाग वाचून दाखवला. नावं खोटी, गाव बदललेलं, पण मला ओळखायला किती वेळ लागणार? आमच्या विभागप्रमुख बाईंनी चष्मा काढून पुसला. माझ्या कुठल्याही निबंधावर त्यांनी आजवर चष्मा पुसलेला नाही. नंतर सगळे वान-निंगभोवती जमले आणि मी खुर्च्या सरळ करत बसले.

एक वाक्य मात्र सांगते. सगळ्यांसमोर वाचलं गेलं म्हणजे ते गुपित नाही, असं मी स्वतःला समजावलंय. मावशी म्हणते, "ज्या बाईबरोबर मी आयुष्य काढलं, तिला एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही."

त्याचा अर्थ काय, ते मला विचारू नकोस. मावशीला विचार. ती तुझ्यापासून एका पडद्याच्या अंतरावर आहे.

शरदाच्या सणाला मला यायला जमणार नाही. पपनस पाठवलेत. सोलताना मावशीला बोटं सांभाळायला सांग.

पेइ-शान


चियायी
९ ऑक्टोबर

पेइ-शान,

मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तिनं खरं सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? त्यापेक्षा मी डोळे उघडे ठेवले. ठेवले नसते तर बरं झालं असतं.

भुतांचा महिना संपल्यापासून ही दर बुधवारी बेईगांगला जाते. "माझू देवीच्या दर्शनाला," म्हणते. मलाही देवी प्रिय आहे, मी कधी अडवलं नाही. पण नवऱ्यांना लावायचा ओठांचा रंग आहे ना, तो डबा उघडून स्वतःला लावून जाते. देवीला ओठांचा रंग लागतो का, तूच सांग. परत येते ती भाजलेल्या तिळांचा आणि चरबीत परतलेल्या मैद्याचा वास घेऊन. उदबत्तीचा वास एकदाही आला नाही. मी तिचं जाकीट हुंगलं. हसू नकोस, तुझ्यावर वेळ आली की तूही हुंगशील.

काल रविवार असूनही गेली आणि एक लाल पेटी घेऊन आली. पेटी दारातच ठेवली, चपला काढता काढता म्हणाली, "लग्न आहे."

"कुणाचं?"

"एका ओळखीच्या बाईचं. उघडून बघ तरी."

झाकणावर सोनेरी अक्षरांत बेईगांगच्या त्याच दुकानाचं नाव होतं. मेइ-शुएच्या सासरचं. आता तिचंच म्हणायला हवं, नवरा तर गेला. आत ताटाएवढा चपटा केक, लाल चवळीचं पुरण, मधे खारवलेल्या अंड्याचा बलक. युन-ओ या केकसाठी जीव टाकते. कुणाच्याही लग्नाचा आला की माझ्या तुकड्यातला बलकसुद्धा आधी ती काढून घेते. मी मुद्दाम मोठा तुकडा कापला, तिच्यासमोर उभ्या उभ्या खाल्ला आणि दुसरा तिच्यापुढे धरला. "मला नको," म्हणाली. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखी.

मी जन्मभर नवऱ्यांचे कपडे शिवले. उघड्या लाल पेटीसमोर बसून तिला हात न लावणारी बाई एकच असते. तीच, जिचं लग्न आहे. हे मी सगळ्या चियायीला शिकवलं, माझ्या घरात मला दिसायला नको? युन-ओ नवरी आहे. आणि पेटी बेईगांगची. बेईगांगची बाई आता मोकळी आहे आणि कायदा दोघींच्या बाजूचा आहे. ज्या कायद्यासाठी तू आणि तुझे मित्र पावसात रस्त्यावर उभे राहिलात, तोच माझ्या मुळावर आला.

मग मी उरलेले तीन तुकडेही खाल्ले, एकापाठोपाठ एक, पाण्याशिवाय. आणि म्हटलं, "त्या तुझ्या ओळखीच्या बाईला सांग, केक खवट आहे. आणि या वयात नवरी व्हायची लाज वाटायला हवी."

तिचं तोंड एकदम उतरलं. पेटीचं झाकण लावलं आणि वर गेली. काल ती गाऊन ठेवायच्या खोलीत झोपली. आज सकाळी मला सोयाबीनचं दूध गरम करून दिलं पण साखर विचारली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

केक खवट नव्हता, पेइ-शान. इतका चांगला केक मी खाल्ला नव्हता, तेच तर खुपतंय.

मी बॅग काढून ठेवलीय. पिंगतुंगला तुझ्या धाकट्या आत्याकडे जाईन. कुणी मला जा म्हणायच्या आधी आपण उठलेलं बरं. दुकान तिला राहू दे, नवऱ्या तिच्याच हातच्या नटवण्यावर खूश असतात.

पाओ-चू


तैपेई
१३ ऑक्टोबर

आत्या,

बॅग परत ठेव. अगदी काल भरली असलीस तरी रिकामी कर.

तुझं पत्र वाचून मी सरळ वान-निंगच्या खोलीत गेले. तिला म्हटलं, तू माझ्या मावशीकडून काय ऐकलंस ते मला आत्ता सांग, माझ्या आत्याचं घर मोडतंय. ती म्हणाली, "मी नाही सांगू शकत." मी आवाज चढवला. तिनं चढवला नाही. म्हणाली, "ताई, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत." तिच्या जागी मी असते तर सांगून टाकलं असतं. तेव्हा मला कळलं की लोक तिच्यापाशी बोलतात आणि मला पेरू देतात, याला कारण आहे. मला तिचा आणखीनच राग आला.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. ते वाक्य मी तुला अर्धंच लिहिलं. पुढे आणखी काहीतरी होतं. तेव्हा माझं लक्ष विभागप्रमुखांच्या चष्म्याकडे होतं, नीट ऐकलं नाही, आणि जेवढं ऐकलं तेवढंच तुला पाठवलं. तुझ्याइतकीच मीही जळत होते. मला एकटीला जळायचं नव्हतं, असं म्हण.

मावशी नवरी आहे, एवढं तुझं बरोबर असेल. पण कुणाची, हे तू तिला विचारलंस का? तू केकला विचारलंस, झाकणाला विचारलंस, जाकिटाला विचारलंस. मी आज तिलाच पत्र टाकलंय, दुकानाच्या पत्त्यावर, उघड. हवं तर रागाव.

पेइ-शान


चियायी
१७ ऑक्टोबर

पेइ-शान,

तुझं पत्र मिळालं. तुमचा पत्रव्यवहार चालू आहे हे मला सप्टेंबरातच कळलं होतं. अ-ची वहिनीला गुपित ठेवायला दिलं की ती ते आधी माझ्याकडे आणते. पाकिटं मी उघडली नाहीत. तुझ्या आत्याला आयुष्यात एक तरी लपवाछपवी करून बघू दे, असं मला वाटलं. ती किती वाईट लपवते ते तुला माहीत आहे.

तू विचारलंस तर सांगते. मी त्या मुलीपाशी बोलले कारण ती उठून गेली की ते गेलं. तुझ्यापाशी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी ते तुझ्या आत्याकडे पोहोचलं असतं, अर्धं. तसंच झालंही. वाक्य असं होतं: "ज्या बाईबरोबर मी आयुष्य काढलं, तिला एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही. मला नवरी व्हायचं होतं."

यात हसण्यासारखं आहे हे मला कळतं. मी कितीतरी मुलींचे चेहरे रंगवले. प्रत्येकीची आई केकची पेटी हातात घेऊन रडायची, ते पाहिलं. घरी येऊन तुझ्या आत्याच्या तुकड्यातला बलक काढून खाल्ला आणि गप्प बसले. मग कायदा झाला. पाओ-चू उत्साहानं म्हणाली, ओळखपत्र घे, शिक्का घे, अर्ध्या तासाचं काम आहे. दुकानाचा परवाना नवा करायला जावं तसं. तिला नाही म्हणायला मला दुसरं कारण सुचेना, म्हणून वय पुढे केलं. मला केक हवा होता, हे या वयात कसं सांगायचं?

मेइ-शुएचं नाव घेतलं ते तिच्या प्रेमापोटी नाही. तुझी आत्या पुस्तकं वाचत नाही. विजेचं बिलसुद्धा मला वाचायला लावते. पण पुस्तकात हे नाव दिसलं की ती अक्षरन् अक्षर वाचून काढील, आणि मग मला तोंडानं सांगायला नको. असा माझा बेत होता. पुस्तक निघायला दोन वर्षं लागतील असं ती मुलगी म्हणाली. तेवढा धीर मला निघाला नाही, म्हणून मी बेईगांगला गेले.

तिथेच का गेले, तेही सांगते, नाहीतर तू पुन्हा अर्धं धरशील. मेइ-शुएनं लग्न केलं तेव्हा तिचा केक वसतिगृहात सगळ्यांना वाटला, मलाही. मी पूर्ण खाल्ला आणि तिला म्हटलं, छान आहे. माझ्या नावाची पेटी कधीच बनणार नाही, हे आम्हा दोघींना तेव्हा माहीत होतं. म्हणून माझी पेटी तिच्याच हातानं बनवून घ्यायची होती. तिनं कणीक मळावी आणि मी समोर बसून बघावं. पाओ-चूच एकटी जळते असं नाही.

कृती दोनदा बिघडली, तिलाही जुना केक बनवून वर्षं झालीत, म्हणून बुधवार लागले. मला वाटलं होतं, मी खात नाही हे बघून पाओ-चू ओळखील. तिनं ओळखलंही. पण मला थांब म्हणायला वेळच दिला नाही, माझी एक चप्पल पायात असतानाच तिचा पहिला घास तोंडात होता. आणि मग ती जे बोलली ते तुला तिनं लिहिलंच असेल. या वयात नवरी व्हायची लाज वाटते का, तर हो, वाटते. म्हणूनच इतकी वर्षं बोलले नव्हते.

तिनं बॅग काढून पलंगाखाली ठेवलीय. त्यात तिची रक्तदाबाची गोळी नाही, उन्हाळी टोपी आहे. ती कुठेही जात नाही. तरी आज संध्याकाळी मीच बोलते. तू आता काही कळवू नकोस.

युन-ओ मावशी


चियायी
२९ ऑक्टोबर

पेइ-शान,

हे पत्र मी दुकानात बसून, पडदा बाजूला सारून लिहितेय. युन-ओ समोर आहे आणि मी काय लिहितेय ते बघतेय. बघू दे.

त्या मंगळवारी, सतरा तारखेला, दिवे लागल्यावर ती वरून एक गाऊन घेऊन उतरली. तो हस्तिदंती रंगाचा, लांब बाह्यांचा, बरीच वर्षं कुणी भाड्यानं नेत नाही तो. माझ्या मशीनवर ठेवला आणि म्हणाली, "हा माझ्या मापाचा कर."

मी म्हटलं, "बेईगांगला घालून जाणार?"

"घरनोंदणी कचेरीत. तू येणार असलीस तर."

मी टाचण्यांच्या उशीवर हात टेकला आणि मला कळलंही नाही. मी विचारलं, "मग तो केक?"

"आपलाच होता."

"मी चार तुकडे खाल्ले."

"मी मोजले," युन-ओ म्हणाली. "आणि शिव्याही दिल्यास."

मग मी रडले. साऱ्या गावातल्या नवऱ्यांच्या हातातून केक काढून घेणारी मी, माझ्याच लग्नाचा केक पाण्याशिवाय खाऊन बसले आणि त्या लग्नाला नावंही ठेवली. युन-ओ म्हणाली, नवऱ्या मुलानं खाल्लेला चालतो. मी म्हटलं, मी कुणाचा नवरा नाही. ती म्हणाली, अ-ची वहिनी इतकी वर्षं विचारतेय ना, तुमच्यात नवरा कोण, तिला आता सांगता येईल, ज्यानं केक खाल्ला तो. आणि तोंड उघडून हसली. पेइ-शान, तिचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत.

पण मी नवरी होणार म्हणजे होणार. तिला हवं असेल आणि मला नको असेल, असं तिनं कसं धरलं? मी परवान्यासारखं विचारलं कारण दुसरं कसं विचारतात ते मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे येतात त्या मुलींना आधीच कुणीतरी विचारलेलं असतं.

म्हणून शनिवारी मी स्वतः बसनं बेईगांगला गेले, नवी पेटी सांगायला. युन-ओला दुकानात ठेवून. मलाही ओठ रंगवायचे होते आणि मी रंगवले. मेइ-शुए कोपरापर्यंत पिठात होती. बुटकी आहे, गुडघ्यानं अधू आहे. केस मात्र माझ्याहून दाट आहेत, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला बघून म्हणाली, "तुम्ही पाओ-चू. ती दर बुधवारी येऊन बसायची आणि तुमचीच गाऱ्हाणी सांगायची. मला वाटायचं, माझं काहीतरी विचारील." मी बरं म्हटलं. त्या बाईच्या तोंडाकडे बघून मला जितकं बरं वाटलं तितकं वाटायला नको होतं, पण वाटलं.

माझ्या समोरच तिनं पीठ चाळायला घेतलं. बलक जास्त घाल, असं मी सांगितलं नाही, तरी तिनं घातले. युन-ओला काय आवडतं ते तिला अजून आठवतं. परत येताना बसमध्ये मला ते पुन्हा पुन्हा आठवत राहिलं आणि माझा जळफळाट झाला. ते चालायचंच, आता तो मेल्यावरच जाईल.

आता तुझं काम. पंचांग बघून अठरा तारीख धरली होती, पण त्या दिवशी शनिवार, कचेरी बंद. म्हणून सोमवारी, वीस नोव्हेंबरला. आदल्या रात्री ये. वान-निंगला बरोबर घेऊन ये, तिच्यासाठी वेगळी पेटी सांगून ठेवलीय. तिच्याकडे बघून तोंड वाकडं करायचं असेल तर गाडीतच करून घे. ती तुझ्याच शिकवणीप्रमाणे वागली, हे तुझं तुलाच मान्य करायचंय. युन-ओ म्हणते, तू आलीस की पेरू कापून ठेवते, पण या वेळी अंगणात पिटाळणार नाही. जे विचारायचं ते विचार. तुमच्या नियमात बसत नसेल तर छापू नकोस.

लग्नाच्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक तू. दुसरी कोण, यावर युन-ओनं तिच्या भावजयीचं नाव काढलं, कुणाला वाईट वाटायला नको म्हणून. मी म्हटलं, मुळीच नाही. दुसरी सही मेइ-शुएची. मी तिला बेईगांगलाच विचारून आले आणि ती हो म्हणाली. युन-ओला वाटतंय, माझं मन मोठं झालं. वाटू दे, ती आत्ता हे वाचतेय तरी मी खरं तेच लिहिते. सही करायच्या आधी कागद वाचावा लागतो. मेइ-शुएनं चष्मा लावून नीट, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावं, युन-ओ कुणाची आहे ते.

तुझी आत्या,
पाओ-चू

ता.क. नवी पेटी आजच आली. सगळ्या दुकानात वास सुटलाय. मी हात लावलेला नाही.